स्वतःचं लँडस्केप डिझाइन: पहिल्या नऊ महिन्यांच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून स्वतःचं काम. दुसऱ्यांच्या ऑफिसात आठ वर्षं काढली. नकाशे केले, साइटवर उभी राहिले, ठेकेदारांशी वाद घातले, रोपं मोजून घेतली. पण फीचं पत्र कधी माझ्या हातातून गेलं नाही. आकडा केबिनमध्ये ठरायचा आणि आम्हाला थेट काम मिळायचं. त्यामुळे उतार, निचरा, माती, पायऱ्या हे सगळं येतं. स्वतःच्या एका तासाची किंमत मात्र सांगता येत नाही.

तीन वह्या आणल्या. एक जमाखर्चाची, एक तासांची, तिसरी ही.

९ जानेवारी

ताशी दर काढायला बसले. पहिला हिशेब साधा केला: वर्षाला किती मिळायला हवं ते ठरवलं आणि वर्षाच्या तासांनी भागलं. ५२ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे २,०८० तास. आकडा छोटा आणि छान दिसला. ग्राहकाला सांगायला अजिबात संकोच वाटणार नाही असा.

रात्री जेवताना लक्षात आलं की हे २,०८० तास कुणीच विकत घेणार नाही. सुट्ट्या, आजारपण, घरची कामं यांचे पाच आठवडे काढले तर उरतात १,८८०. त्यातही कोटेशनं लिहिणं, फोन, बिलं, हिशेब, नवीन कामासाठी फिरणं, रोपवाटिका बघून येणं, वाचन. याचं बिल कुणाच्या नावावर लावणार? ६० टक्के वेळ बिलात जाईल असं धरलं तर १,१२८ तास. म्हणजे दर पहिल्या आकड्याच्या १.८४ पट.

त्यावर खर्च: जागा, संगणक, सॉफ्टवेअर, विमा, प्रवास, छपाई. हे उत्पन्नाच्या ३० टक्के धरले. वर १५ टक्के नफा, कारण काम नसलेले महिने येणार आणि यंत्रं बदलावी लागणार. १.८४ गुणिले १.३ गुणिले १.१५. उत्तर २.७५.

सकाळच्या आकड्याच्या पावणेतीन पट. पुन्हा दोनदा गुणाकार करून पाहिला. बरोबर आहे.

१५ जानेवारी

फी सांगायच्या पद्धती चार: ताशी, एकरकमी, बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत, आणि क्षेत्रफळावर. ओळखीच्या दोघातिघांना विचारलं तर बहुतेक जण क्षेत्रफळावर सांगतात. ग्राहकाला पटकन कळतं, हा त्याचा गुण. पण सपाट हजार चौरस मीटर आणि उतारावरचे दोनशे चौरस मीटर यांत दुसरं काम कितीतरी अवघड असू शकतं. लहान जागेत प्रत्येक १० सेंटीमीटरचा विचार करावा लागतो. क्षेत्रफळाच्या दराला हे काहीच दिसत नाही.

सध्या एकरकमी. आतून तास मोजून, बाहेर एकच आकडा.

२२ जानेवारी

पहिलं काम चालून आलं. घराभोवतीची ६२० चौरस मीटर जागा, मागे एक मोठं जुनं झाड, पुढून मागे उतार. नवराबायको दोघंही निवृत्त. बाई म्हणाल्या, "आम्हाला फार काही नको, फक्त संध्याकाळी बसायला एक जागा आणि पावसात दारासमोर साचणारं पाणी गेलं पाहिजे." दोन वाक्यांत पूर्ण काम सांगितलं त्यांनी. एवढं स्पष्ट क्वचितच कुणी सांगतं.

तीन तास फिरले, बोलले. याचे पैसे घ्यायचे की नाहीत हे ठरवलंच नव्हतं, म्हणून घेतले नाहीत.

२९ जानेवारी

आज साइटवर पूर्ण दिवस. सोबत एक मदतनीस.

आधी लेव्हल, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल आहे ते. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक फाटकाजवळच्या खांबाला धरलं, दुसरं घेऊन मी मागे मागे गेले. नळीत एक बुडबुडा अडकला होता आणि पहिली सहा मापं त्यामुळे चुकीची आली. ती खोडली, नळी पुन्हा भरली, बोटाने टिचक्या मारून हवा काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत २६ मीटरमध्ये १.१ मीटर उतार. म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर. घर मध्ये आहे, त्यामुळे पुढच्या अंगणाचा उतार थेट घराकडे येतो. दारासमोर पाणी का साचतं ते एवढ्यातच कळलं. घरापासून लांब जाणारा किमान दोन टक्के उतार हवा, म्हणजे पहिल्या तीन मीटरमध्ये सहा सेंटीमीटर. इथे तो उलटा आहे. अंगणात आडवा उथळ चर काढून पाणी घराच्या बाजूने वळवून मागे न्यावं लागेल.

मग निचऱ्याची चाचणी. ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढेच खोल असे दोन खड्डे, एक पुढे, एक मागे झाडापासून लांब. दोन्ही पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू दिले. कोरड्या मातीचं पहिलं पिणं फसवं असतं, म्हणून मोजायचं ते दुसऱ्या भरणीला. आत पट्टी उभी केली, घड्याळ लावलं. पुढच्या खड्ड्यात तासाभरात तीन सेंटीमीटर पाणी उतरलं. चांगलं आहे. मागच्या खड्ड्यात तासाने पाहिलं तर सहा मिलिमीटर. हात घालून तळाची माती काढली तर ती साबणासारखी गुळगुळीत. बोटांत लाटली तर लांब वळी झाली आणि वाकवली तरी तुटली नाही. पक्की चिकणमाती. पुढचं पाणी मी मागे पाठवणार आणि मागे ते जिरणारच नाही, हे आज कळलं म्हणून बरं झालं. हे न बघता आराखडा केला असता तर दारासमोरचं डबकं उचलून झाडांच्या मुळाशी नेऊन ठेवलं असतं.

घरी आले तेव्हा नखांत माती होती. तासांच्या वहीत लिहिलं: ९.

३ फेब्रुवारी

कोटेशन दिलं. ६० तास लागतील असा अंदाज करून, माझ्या दराने गुणून, एकच रक्कम. आकडा सांगताना आवाज खाली गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाले. लगेच. रस्त्यात विचार करत होते की इतक्या लवकर होकार म्हणजे आकडा कमी होता का? नाही. त्यांना विश्वास वाटला, एवढाच अर्थ घ्यायचा. कमी होता की नाही ते तासांची वही सांगेल.

१२ फेब्रुवारी

दोन संकल्पना तयार. त्यांनी पहिली निवडली.

२० फेब्रुवारी

झाडाचा दिवस. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १४१ सेंटीमीटर, म्हणजे व्यास ४५. मुळांचं क्षेत्र खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं धरायचं: ५.४ मीटर. दोरी खोडाला बांधून तेवढ्या अंतरावर फक्की मारत गोल फिरले. पांढरं वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा दिसलं की माझी पायवाट त्याच्या आतून जाते, तीही २० सेंटीमीटर खोदून. कागदावर ती रेषा फार सुंदर होती.

पायवाट वर्तुळाबाहेर काढली. चार तास गेले आणि नकाशात आता एक वळण आहे, ज्याचं कारण कुणी विचारणार नाही. पण दोनतीन वर्षांनी शेंडा वाळायला लागला असता तर पायवाटेला दोष द्यायचं कुणाला सुचलंही नसतं. आपलं बरंचसं काम असं असतं, घडू न दिलेल्या गोष्टींचं. त्याची फी कशी सांगायची हे मला अजून जमलेलं नाही.

५ मार्च

फोन आला. "बसायचा चौथरा जरासा घराकडे सरकवता येईल का? चहा घेऊन जायला लांब पडतं." रास्त मागणी आहे. किती, तर १.२ मीटर.

उतार चार टक्के. १.२ मीटर वर सरकलं की जमिनीची उंची पाच सेंटीमीटरने बदलते. चौथऱ्यावरून खाली उतरायला ९० सेंटीमीटरच्या सहा पायऱ्या होत्या, प्रत्येक १५ उंच आणि ३३ रुंद. दोनदा उंची अधिक एकदा रुंदी, बेरीज ६० ते ६५ च्या दरम्यान आली की पाय न बघता पडतो. माझी ६३ होती. आता ९५ सेंटीमीटर सहात वाटायचे, पायरी १५.८, बेरीज ६४.६. बसतं, पण काठावर. सगळ्या पायऱ्या सारख्याच हव्यात, एकही वेगळी चालत नाही, विशेषतः दोघांचंही वय बघता. मग चराची पातळी, मागच्या झिरपनळीचं (तिथे न जिरणारं पाणी वाहून नेणाऱ्या भोकांच्या नळीचं) तोंड, दोन वाफ्यांच्या कडा, रोपांची संख्या. तीन नकाशे बदलले.

त्यांच्या बाजूने एक मिनिटाचा फोन, माझ्या बाजूने नऊ तास. दोष त्यांचा नाही. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की या चौथऱ्याला इतक्या गोष्टी बांधलेल्या आहेत.

१४ मार्च

माझी चूक. जमीन झाकणारी रोपं ३० सेंटीमीटर अंतरावर, ४० चौरस मीटरमध्ये. यादीत मी ४४४ लिहिली. हा चौकटीच्या मांडणीचा हिशेब. नकाशात मात्र मांडणी त्रिकोणी दाखवली होती, जिच्यात त्याच अंतराला ५१३ लागतात. ६९ रोपं कमी पडली. लावणारे दुपारी हात थांबवून बसले आणि मला फोन आला.

दुसऱ्या खेपेच्या वाहतुकीचा खर्च मी दिला. तासांच्या वहीत वेगळा रकाना केला: चुकीचे तास. ते कुणाच्याही बिलात जाणार नाहीत. आणि यापुढे रोपांच्या यादीत संख्येशेजारी अंतर आणि मांडणी दोन्ही लिहायची, म्हणजे लावणाऱ्यालाही तपासता येईल.

२० मार्च

रोपवाटिकेच्या मालकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचे दहा टक्के वेगळे ठेवलेत." या धंद्यात हे नवीन नाही. मी म्हटलं, ते बिलातच कमी करा, ग्राहकाच्या नावावर. ते जरा थांबले, मग "बरं" म्हणाले.

ही गोष्ट मला नीट लिहून ठेवायची आहे. ज्याला डिझाइनची फी कमी मिळते तो नंतर रोपांत, फरशीत, दिव्यांत ती भरून काढतो. मग महाग झाड आणि योग्य झाड यांतला निर्णय त्याचा स्वतःचा राहत नाही. काही जण व्यापारी सवलत स्वतः ठेवतात आणि ते ग्राहकाला आधी सांगतात. ते प्रामाणिक आहे. न सांगता घेणं मला मान्य नाही. पण मग माझी फी माझ्या कामाला पुरली पाहिजे, हेही तितकंच खरं.

२ एप्रिल

काम संपलं. वही उघडून बेरीज केली.

रेखाटनं आणि याद्या: ३४ तास. लेव्हल, माती, झाड, साइटवरच्या फेऱ्या: २७. बदल: ३१. फोन, भेटी, निरोप: २६. एकूण ११८.

पैसे घेतले ६० तासांचे. चुकीचे तास यात धरलेलेच नाहीत.

मी ६० चा अंदाज केला तेव्हा डोळ्यांसमोर फक्त रेखाटनं आणि थोडी साइट होती. आणि त्या दोन्हींची बेरीज ६१ आहे! म्हणजे अंदाज चुकला नव्हता. बाकीचे ५७ तास अंदाजात नव्हतेच.

४ एप्रिल

जुन्या ऑफिसातल्या मॅडमकडे गेले. वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बदलांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे ३१ तास. यातले किती तुझ्यामुळे झाले?"

मी म्हटलं, "माझ्यामुळे? बदल त्यांनी मागितले."

"चौथरा लांब पडतो हे त्यांना मार्चमध्ये का कळलं? फेब्रुवारीत का नाही? तू त्यांना नकाशा दाखवलास. नकाशा तुला वाचता येतो, त्यांना नाही."

बराच वेळ काही बोलता आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "दर वाढव, पण आधी जागेवर खुंट्या मारून दाखवायला शीक. दोन्ही कर."

११ एप्रिल

मॅडमचं बोलणं डोक्यात घेऊन हम्फ्री रेप्टन या इंग्रज बागरचनाकाराबद्दल पुन्हा वाचलं. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. जन्म १७५२ चा, व्यापारात अपयश आलं आणि १७८८ मध्ये, मध्यम वयात, त्याने बागा आखून द्यायचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या आधीचा मोठा माणूस लॅन्सलॉट ब्राउन कामाचं कंत्राटही स्वतः घ्यायचा, माणसं लावून जमीन उचलून द्यायचा. रेप्टन मुख्यतः सल्ला आणि चित्रं द्यायचा, आणि पैसे त्याचेच घ्यायचा. माझ्यासारखाच. ब्राउनने जेवढं कमावलं तेवढं त्याला कधी मिळालं नाही.

पण त्याच्या लाल बांधणीच्या वह्या! ग्राहकाच्या जागेचं आजचं चित्र, त्यावर चिकटवलेला एक कागदी पडदा. तो उचलला की खाली बदललेली जागा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याने ओळखलं होतं की जमिनीच्या मालकाला नकाशा वाचता येत नाही. आणि ती वही हे त्याच्या लेखी स्वतंत्र, पैसे घेऊन करायचं काम होतं.

आज साइटच्या जुन्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवून चौथरा काढून पाहिला. २० मिनिटं लागली. हे फेब्रुवारीत केलं असतं तर.

२५ एप्रिल

प्रस्तावाचं पत्र नव्याने लिहिलं. सबंध आठवडा त्यात गेला.

पहिली भेट एक तास, सशुल्क. काम मिळालं तर ती रक्कम फीतून वजा. त्यानंतर साइटचा अभ्यास, म्हणजे लेव्हल, निचरा, माती, असलेली झाडं. याची वेगळी फी आणि याचा अहवाल ग्राहकाचा. पुढचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं तरी तो त्यांच्याकडे राहील. मग संकल्पना, ज्यात जागेवर खुंट्या आणि दोरी लावून दाखवणं धरलेलं आहे, आणि बदलांच्या दोन फेऱ्या. मग कामाची रेखाटनं आणि याद्या. इथवर प्रत्येक टप्प्याची एकरकमी फी. देखरेख मात्र ताशी, कारण ठेकेदार किती वेळा बोलावेल ते माझ्या हातात नाही.

दोन फेऱ्यांनंतरचे बदल ताशी दराने, आणि सुरू करण्याआधी किती तास लागतील ते लेखी कळवीन. हे वाक्य मी पाच वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात ते धमकीसारखं वाचत होतं. शेवटी असं लिहिलं: "एक गोष्ट हलवली की तिला जोडलेल्या इतर गोष्टी तपासाव्या लागतात, त्या कोणत्या हे मी आधी सांगेन, मग आपण ठरवू."

काय समाविष्ट नाही तेही लिहिलं. उंच संरक्षक भिंतीची संरचना, वीज, परवानग्या: त्या त्या तज्ज्ञाचं काम, त्यांची फी वेगळी.

८ मे

नव्या पत्रावर पहिला नकार. "बघायला यायचेही पैसे?" वाईट वाटलं, दिवसभर.

१९ मे

नव्या पत्रावर पहिला होकार. पहिल्या भेटीचे पैसे त्यांनी आधीच दिले होते आणि तास संपायच्या आत विचारायचे प्रश्न कागदावर लिहून आणले होते. इतकी नीट झालेली पहिली भेट मी पाहिली नव्हती.

११ जून

मोठी जागा, मोठं काम. ग्राहकाचा आग्रह की बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत फी घ्या, सगळे तसंच घेतात. रक्कम पाहिली, चांगली होती.

दुसऱ्या दिवशी साइटवर जुनी दगडी भिंत पाहिली. ४० मीटर लांब, कोरडी रचलेली, दोन ठिकाणी पोट सुटलेलं, बाकी ठणठणीत. ती पाडून नवी बांधली तर खर्च कितीतरी वाढतो आणि त्याबरोबर माझी फीही. ती दोन पोटं उतरवून पुन्हा रचली तर बाग जास्त चांगली होते, खर्च कमी होतो आणि माझी फी घटते. शिवाय रचून घेताना मला तिथे जास्त वेळ उभं राहावं लागतं.

त्यांना हेच उदाहरण देऊन टप्प्यांची फी मागितली. बांधकाम क्षेत्रात टक्केवारी सर्रास चालते आणि काम ठरावीक असेल तर ती वाईट नाही. पण जिथे निम्मं शहाणपण काय काढू नये यात आहे, तिथे मला ती नको. त्यांनी दोन दिवस मागितले आणि मान्य केलं. भिंत राहिली.

१४ जुलै

एका ग्राहकाने रेखाटनं घेतली आणि पैसे अडकवले. सहा आठवडे झाले. रोज सकाळी फोन करायचा, त्याने उद्या म्हणायचं. झोप लागत नाही.

पत्रात बदल: प्रत्येक टप्प्याची निम्मी रक्कम सुरुवातीला, उरलेली नकाशे हातात देताना. नंतर नाही.

२ ऑगस्ट

पैसे आले, पाच हप्त्यांत. त्यांच्याकडे पुन्हा काम करणार नाही.

१९ ऑगस्ट

रात्रभर जोराचा पाऊस. सकाळी पहिल्या साइटवर गेले, न बोलावता. चरातून पाणी वाहत होतं, हातभर रुंद, गढूळ, घराच्या कोपऱ्याला वळसा घालून मागे. दारासमोरची फरशी नुसती ओली होती. मागे झिरपनळीच्या तोंडाशी दगडांवर पाणी पडत होतं आणि वाफे उंच केल्यामुळे रोपांच्या बुंध्याशी कुठेही साचलेलं नव्हतं. बाई छत्री घेऊन बाहेर आल्या. दोघी तिथेच उभ्या राहून बघत होतो.

"हे कळायला तुम्ही ते दोन खड्डे खणले होते ना?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या लक्षात होतं. खड्ड्यांबद्दल मी तेव्हा एक अक्षर सांगितलं नव्हतं, त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. घरी आल्यावर साइट अभ्यासाच्या टप्प्यात एक ओळ वाढवली: चाचणी करताना ग्राहकाने शक्यतो हजर राहावं.

३० सप्टेंबर

नऊ महिन्यांची बेरीज. बिलात गेलेला वेळ ५२ टक्के. जानेवारीत ६० धरला होता. १,८८० तासांचे ५२ टक्के म्हणजे ९७८. त्याने पुन्हा भागलं तर दर आताच्यापेक्षा १५ टक्के वर जातो. उरलेले ४८ टक्के कमी करता येतील का तेही पाहिलं. बिलं आणि हिशेब थोडे आटोपशीर होतील. रोपवाटिकांच्या फेऱ्या आणि वाचन मला कमी करायचं नाही.

बदलांचे तास मात्र शेवटच्या तीन कामांत मिळून १४. पहिल्या एकट्या कामात ३१ होते.

नवा दर उद्यापासून. चालू कामांना जुनाच. परवा नवी साइट, सकाळी सात वाजता: नळी, फीत, खुंट्या, दोन गुंड्या सुतळी, फावडं. त्यांना कळवलंय की खड्डे खणताना थांबा, दुसऱ्या भरणीला साधारण तास लागेल.